पार्किंगसाठी गाडी

लोक आधी गाडी घेतात आणि मग ती लावायला जागा शोधत गल्लोगल्ली फिरतात. आमच्याकडे सगळंच उलटं. आम्हाला आधी जागा मिळाली. भांडुपची आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला पार्किंगचा एकेक चौकोन वाटून दिला. त्या वेळी आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती.

चौकोन म्हणणं हा आमचा मोठेपणा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गलेलठ्ठ खांब, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पिवळ्या रंगाने आमचा फ्लॅट नंबर. सगळ्यांना वाटून झाल्यावर जे उरलं ते आमच्या पदरात पडलं होतं. आम्हाला त्याचं काही दुःख नव्हतं. तिथे दिवसभर गार वारा यायचा. बाबा संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची टाकून तिथे बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की बिल्डरने बांधलेली सगळ्यात चांगली खोली हीच.

मग एक दिवस लिफ्टशेजारी नोटीस लागली. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या जागा येत्या जनरल मीटिंगनंतर काढून घेणार आणि ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांना देणार. मी तिथल्या तिथे भडकले. मी लवकर भडकते. हा स्वभाव बाबांच्या आईचा, असं घरात सगळे म्हणतात, आणि ती बिचारी आता हयात नसल्यामुळे नाही म्हणू शकत नाही. वर येऊन मी आईबाबांपुढे सोसायटीच्या सेक्रेटरींचा यथेच्छ उद्धार केला. आमच्या घरात आम्ही तिघंच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं भाषण ऐकायला हे दोन हक्काचे श्रोते कायम असतात.

"घेऊ दे की," बाबा म्हणाले. "खुर्ची काय, कुठेही टाकता येते."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटच्या टॉवेलची घडी घालून झाल्यावर ती म्हणाली, "आपण गाडी घेऊ."

"आणि चालवणार कोण? ही?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मला गाडी येत नाही, आणि मी चालवू लागले तर रोज एकाशी तरी भांडण होईल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

"मी," आई म्हणाली.

हे इथे नीट सांगायला हवं. आई महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती. मी शाळेत असताना कधीतरी तिच्या मनात आलं आणि नाइट ड्यूटी संपवून, झोपायच्या आधी, ती मोटार ट्रेनिंग स्कूलला जाऊ लागली. साडी नेसून, केसांचा घट्ट अंबाडा घालून ती गाडी शिकली. टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाली. लायसन आलं आणि कपाटात गेलं. कारण घरात गाडी नव्हती, आणि पुढेही कधी आली नाही. आधी माझं शिक्षण, मग बुलढाण्याकडच्या गावी काकांच्या मुलींची लग्नं, मग आणखी काही. पण लायसनची मुदत मात्र आईने एकदाही संपू दिली नाही. प्रत्येक वेळी फोटो काढून, डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन, रांगेत उभी राहून ती ते नवं करून आणायची. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे लायसन आहे, गाडी तेवढी राहिली." पाहुणे हसायचे. आईही हसायची, आणि चहा टाकायला आत जायची.

यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर पहिल्या दिवशी तिने घरभर फिरून पंख्यावरची धूळ, टाइल्समधला मळ आणि माझ्या कानशिलावरचे पांढरे केस यांची दखल घेतली. दुसऱ्या दिवशी खिडकीत उभं राहून तिने खालच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचले. मला वाटलं, गंमत म्हणून वाचतेय.

"आत्ता मला दिसतंय," नोटीस लागली त्या संध्याकाळी ती म्हणाली. "पाय चांगले आहेत. पुढच्या खेपेला डॉक्टर सही करेल की नाही काय माहीत. आपली गाडी आपण चालवायची, एवढं एकच राहिलंय माझं. ते राहून गेलं तर गेलंच मग."

इतक्या वर्षांच्या विनोदाचं आता काय करायचं ते बाबांना कळेना.

दुसऱ्या दिवशी आई शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन खाली उतरली. तिने जागा मापली. लांबी, रुंदी, खांबाचा फुगवटा, सगळं. मी टेपचं दुसरं टोक धरून उभी होते आणि येणारेजाणारे विचारत होते, "काय, पडदे लावताय का?" माप काढून झाल्यावर कळलं की या जागेत हल्लीची एकही गाडी मावणार नाही. हल्लीच्या गाड्या तालमीतून आल्यासारख्या खांदे फुगवून उभ्या असतात. सेक्रेटरींना हे आधीच माहीत असणार, असं मला वाटलं आणि मी पुन्हा भडकले.

पण एक गाडी मावत होती. ती जुनी आठशे सीसीची, पुढे चपट्या नाकाची, मागे सरळ दार असलेली छोटी हॅचबॅक. एके काळी प्रत्येक डॉक्टरकडे, प्रत्येक हेडमास्तरांकडे आणि प्रत्येक मोटार ट्रेनिंग स्कूलकडे तीच असायची. आता ती नवी मिळत नाही. जुनीच शोधायला हवी होती. मी मोबाइलवर शोध सुरू केला आणि आम्ही रविवारच्या रविवार गाड्या बघायला निघालो.

घाटकोपरला एक बघितली. तिच्या मागच्या सीटच्या जागी एवढा मोठा स्पीकर बसवला होता की माणसं टपावर बसवावी लागली असती. मुलुंडला एक बघितली, तिचा मालक "एकदम झकास कंडिशन, मॅडम" म्हणत असतानाच तिचा आरसा माझ्या हातात आला. आईची तपासायची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. ती आधी गाडीभोवती गप्प एक चक्कर मारायची. मग बॉनेटवर ताप बघितल्यासारखा हात ठेवायची. इंजिन चालू करायला लावून मान तिरकी करून ऐकायची. मुलुंडच्या गाडीचं ऐकून तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. वॉर्डात ती तशी मान कधी हलवत असेल, ते मला समजलं. आम्ही तिथून निघालो.

चेंबूरच्या गाडीची जाहिरात आली तेव्हा मीटिंग तोंडावर आली होती. फोनवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला. त्यांनी गाडीबद्दल काही सांगायच्या आधी मलाच विचारलं, "घरात माणसं किती? गाडी उन्हात राहणार की सावलीत? चालवणार कोण?" मी म्हटलं, आई चालवणार. मग ते म्हणाले, "रविवारी सकाळी या. सगळेच या."

झाडांनी भरलेल्या एका शांत गल्लीत त्यांचं जुनं बैठं घर होतं आणि पुढच्या अंगणात ती उभी. बदामी रंग, काळे बंपर, काचा इतक्या स्वच्छ की आत कोणी नसल्याचं लांबूनही दिसावं. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्या गृहस्थांनी, म्हणजे काकांनी, आरटीओतून पुन्हा पासिंगही करून घेतलं होतं. आता त्यांचा गुडघा क्लच दाबू देत नव्हता, म्हणून विकायची. आम्हाला वाटलं गाडी बघायची, चक्कर मारायची, बोलणं करायचं. पण त्यांनी आम्हाला आत नेऊन सोफ्यावर ओळीने बसवलं, आणि काकू पोहे घेऊन आल्या. वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड.

आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आपण मुलगी बघायला आलोय की दाखवायला?"

दाखवायलाच गेलो होतो. काका समोरच्या खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी प्रश्न सुरू केले. गाडी रोज चालणार की महिन्यातून एकदा? सर्व्हिसिंग वेळेवर कराल ना? मागच्या सीटवर बसून कोणी वडापाव खाणार नाही ना? बाबा प्रत्येक प्रश्नाला "छे छे" म्हणत होते, काहीही विचारलं तरी. मग काकांनी विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?"

"बुलढाण्याकडचे," आई म्हणाली.

"अच्छा. आडनाव काय म्हणालात?"

झालं. हा प्रश्न मला वास आल्यासारखा लांबून कळतो. टॉवर बांधून होईपर्यंत आम्ही भाड्याने राहिलो, तेव्हा घरं दाखवणाऱ्यांनी आधी हा प्रश्न विचारला होता आणि मग किल्ली सापडत नसल्याचं सांगितलं होतं. माझ्या हातातली पोह्यांची बशी मी टेबलावर ठेवली.

"का हो काका?" मी म्हटलं. "गाडी आडनाव बघून चालू होते का?"

आईने मला कोपराने ढोसलं. बाबांनी "छे छे" म्हटलं, सवयीने. आणि स्वयंपाकघराच्या दारातून काकूंच्या हसण्याचा एवढा मोठा आवाज आला की काकाच दचकले.

"बरं झालं गं बाई, कुणीतरी विचारलंस!" काकू पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. "मागच्या आठवड्यात एका मुलाला यांनी पगार विचारला. त्याच्या आधीच्याला विचारलं, सिगारेट ओढता का. अहो, गाडी विकायचीय की तिचं लग्न लावायचंय?"

काकांचे कान लाल झाले. "ट्रान्सफरच्या कागदांना लागेल म्हणून विचारलं," ते पुटपुटले. त्यांनी खरंच कागदांसाठी विचारलं होतं की सवयीने, हे मला अजून माहीत नाही. आईने मात्र आडनाव स्वच्छ सांगितलं, गावही सांगितलं, आणि वर म्हणाली, "आता तुम्ही आम्हाला बघितलंत. मला गाडी बघू द्या."

ती बाहेर गेली. चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला. किल्ली फिरवून मान तिरकी केली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने आमच्याकडे वळून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी तोवर फक्त नवजात बाळांच्या बाबतीत बघितलं होतं.

"चालवून बघते," ती म्हणाली.

काका तिच्या शेजारी बसले. मी आणि बाबा मागे. बाबांनी समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली होती. मला मनापासून भीती वाटत होती. रस्त्याची नाही, गल्ली रिकामीच होती. आईला जमणार नाही याची. तिने एवढी वर्षं जपलेली गोष्ट या म्हाताऱ्यासमोर, आमच्यासमोर, गेटच्या आतच संपून जाईल याची.

आणि पहिला धक्का बसून गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. काका लगेच सुरू झाले. "क्लच हळू सोडा. हळू. ॲक्सिलरेटर द्या. नाही नाही, एवढा नाही. आधी मिरर बघा." त्यांचा दुखरा पाय खाली नसलेला क्लच दाबत होता. मीही पुढे वाकले, "आई, राहू दे का गं आज?"

आई चिडली की तिच्या तोंडात माहेरची बोली येते. "तू चूप बस ना वं," ती मला म्हणाली. "मले चालवू दे." मग काकांकडे वळून शुद्ध हॉस्पिटलच्या आवाजात, "आणि तुम्ही. पेशंटचे नातेवाईक असे मध्ये मध्ये बोलायला लागले की मी त्यांना वॉर्डाबाहेर काढायचे. बसायचंय ना आत?"

काका सीटला टेकून बसले. हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे.

आईने खांदे सैल सोडले. किल्ली फिरवली. गाडी हलली आणि चालायला लागली. गल्लीच्या टोकापर्यंत पहिल्यात, वळणावर दुसऱ्यात, पुढच्या सरळ रस्त्यावर तिसऱ्यात. तिने एका रिक्षाला जागा दिली, एका कुत्र्यासाठी थांबली, भाजीच्या गाडीला वळसा घातला. सिग्नलला थांबून पुन्हा निघाली तेव्हा गाडीला धक्कासुद्धा बसला नाही. मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांनी कोणाला असं जमत नाही.

"आई, तू कुठे शिकलीस परत?"

तिने नजर रस्त्यावरून हटवली नाही. "स्टेशनजवळच्या मोटार स्कूलमध्ये. हल्लीच, रोज सकाळी जात होते."

"सकाळी तर तू भाजी आणायला जायचीस," बाबा म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे रोज दीड तास जाऊन तू एक कोथिंबिरीची जुडी आणायचीस, ती..."

"कोथिंबीर स्कूलच्या बाहेरच मिळते," आई म्हणाली.

आमच्या फ्रीजमध्ये तेव्हा कोथिंबीर मावत नव्हती. रोज कोथिंबीर वडी, कोथिंबिरीची चटणी, वरणावर बचकभर कोथिंबीर. मी एकदा भांडलेही होते की आपण शेळ्या आहोत का. आता सगळं लक्षात येऊन मला एवढं हसू आलं की काकांनी मागे वळून बघितलं. बाबा हसले नाहीत. ते सीटची पाठ सोडून मागे टेकले आणि आईच्या अंबाड्याकडे बघत राहिले.

परत आल्यावर काका उतरले आणि त्यांनी आईपुढे किल्ली धरली. "तुम्हाला दिली," म्हणाले. एवढंच. कोणत्याही मुलीच्या बापाने इतक्या कमी शब्दांत होकार दिला नसेल. मी व्यवहाराचं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी सांगितलेली किंमत इतकी रास्त होती की मला भांडायला काही उरलंच नाही.

पुढच्या रविवारी, कागद झाल्यावर, गाडी न्यायला गेलो. काकांनी डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढून रुमालात गुंडाळला. तिथे चिकटपट्टीचा एक गोल डाग राहिला, आईने पर्समधून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती त्यावर बरोबर बसवली. काकू नारळ आणि हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. आई म्हणाली, "काकू, आमच्यात असं करत नाहीत." काकू क्षणभर तबक हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी नारळ उचलून सरळ माझ्या हातात दिला. "मग चटणी कर. तुमच्याकडे कोथिंबीर भरपूर आहे म्हणे." काकांनी त्या दिवशी आत जाऊन सगळं सांगितलेलं दिसत होतं.

निघताना काका गेटपर्यंत काठी टेकत आले. त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि पाठ फिरवली. मला त्यांचा राग धरायचा होता, थोडा अजून शिल्लकही होता, पण ती पाठ बघून तो धरवेना.

चेंबूरहून आम्ही हायवेला लागलो. आई डावीकडच्या लेनमधून, बैलगाडीला लाज वाटेल अशा वेगाने चालली होती. मागून ट्रक भोंगे वाजवत होते, स्कूटरवाले वाकून आत बघून जात होते. आईला कशाचंही सोयरसुतक नव्हतं. या खेपेला बाबा पुढे बसले होते. घाटकोपर येईपर्यंत ते "सांभाळून" म्हणत होते. विक्रोळीला त्यांनी काच खाली केली. कांजूरमार्गला वळेपर्यंत त्यांचं कोपर खिडकीबाहेर आलं होतं आणि बसस्टॉपवर उभ्या असलेल्या लोकांकडे ते अशा नजरेने बघत होते, जणू हे आयुष्यात कधी बसस्टॉपवर उभे राहिलेच नव्हते. मागच्या सीटवर मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि मला ओरडावं, गाणं म्हणावं, कोणाला तरी मिठी मारावी, असं काहीबाही वाटत होतं. इतका निर्भेळ आनंद मला क्वचितच होतो. माझ्या आनंदात नेहमी कोणावर तरी रागवायचं बाकी असतं.

सोसायटीत आमची वाट बघत निम्मी बिल्डिंग खाली उतरली होती. जनरल मीटिंग त्याच संध्याकाळी. सेक्रेटरी हाताची घडी घालून आमच्या पिवळ्या पट्ट्यांपाशी उभे होते. "मावणार नाही," ते शेजारच्यांना सांगत होते. वॉचमनने बाबांची खुर्ची उचलली आणि तो वाहतूक पोलिसासारखा हात हलवायला लागला. "आने दो, आने दो, लेफ्ट काटो, आने दो!"

आईने काचा वर केल्या, आरसे आत घेतले. सरळ केलं, थोडं मागे, पुन्हा पुढे. खांब माझ्या खिडकीजवळून इतका हळू सरकत गेला की त्यावरचे रंगाचे ओघळ मोजता आले असते. आणि गाडी आत गेली. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा सोडून, पिवळ्या पट्ट्यांच्या अगदी मध्ये. बाहेर टाळ्या पडल्या. वरच्या मजल्यावरून कोणीतरी शिट्टी मारली. आईने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली.

मी दार उघडलं. ते चार बोटं उघडलं आणि टक्कन खांबावर आपटलं.

बाबांनी त्यांच्या बाजूचं उघडलं. भिंत.

आईने आपल्या बाजूचं उघडून बघितलं, मग मिटलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शिवणाची टेप लावून, खांबाचा फुगवटासुद्धा मोजून आम्ही गाडी घेतली होती, आणि गाडीला दारं असतात, ती बाहेरच्या बाजूला उघडतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"वाट लागली," मी म्हटलं.

आधी बाबा हसले. खांदे हलायला लागले, मग आवाज आला, मग त्यांना थांबवेना. मग आई. ती डोकं स्टिअरिंगला टेकवून हसत होती आणि मध्येच हॉर्न वाजत होता, त्याने आणखी हसू येत होतं. सेक्रेटरी वाकून काचेतून बघायला लागले. "गाडी मावली हो, पण माणसं?"

मी काच खाली करून ओरडले, "नोटिशीत गाडी म्हटलंय, माणसं कुठे म्हटलंय?" त्यावर तेही हसले, आणि मला कबूल करावं लागतं की हसताना ते बरे दिसतात.

वॉचमनने तोडगा सांगितला. मुंबईत अर्ध्या गाड्या अशाच लागतात. सगळ्यांनी बाहेर उतरायचं, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि हाताने ढकलून आत सरकवायची. "हलकी गाडी आहे काकू, आम्ही दोघं वॉचमन आरामात ढकलू. तुम्ही फक्त रिव्हर्स घेऊन बाहेर या." आता आम्ही रोज तसंच करतो.

आईने डोळे पुसले, गाडी चालू केली आणि मागे घेतली. आता दारं मोकळी होती. मी उतरायला हँडलवर हात ठेवला. बाबांनी पट्टा सोडला. पण आईने इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर गेटकडे.

"काय गं?" बाबा म्हणाले. "काही आणायचं राहिलंय का?"

"नाही."

"मग कुणाकडे जायचंय?"

"नाही."

तेव्हा मला कळलं की मी आईला कधी असं बाहेर पडताना बघितलंच नव्हतं. ती ड्यूटीला जायची, बाजारात जायची, कोणी आजारी असलं तर हॉस्पिटलात, कोणी गेलं तर सांत्वनाला, लग्न असलं तर आदल्या रात्रीपासून मदतीला. गाडी शिकायला जातानासुद्धा तिने भाजीचं निमित्त केलं होतं. काम नसताना, निरोप नसताना, हातात पिशवी नसताना ही बाई आयुष्यात एकदाही घराबाहेर पडली नव्हती. मी दाराचं हँडल सोडलं.

बाबा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी पट्टा पुन्हा ओढला आणि खटकन लावला.

वॉचमनने गेट उघडलं. रोजच्या सवयीने त्याने विचारलं, "काकू, कुठे निघालात?"

"अजून ठरलं नाही," आई म्हणाली. गेटबाहेर तिने गाडी थांबवली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. उजवीकडचा रस्ता जरा मोकळा दिसला, म्हणून ती उजवीकडे वळली.